सिंहगडावरची पिठले-भाकरी

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. या माथ्यावर छपराखाली किंवा उघड्यावर बसून पिठले-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि गाडग्यातले दही खाणे हा पुण्यातल्या कित्येक घरांचा रविवारचा परिपाठ आहे. हातात ताटली, खाली खडकवासल्याचे पाणी, पलीकडे राजगड आणि तोरणा असा हा बेत असतो. हे जेवण शिवकालापासून गडावर चालत आले असावे, अशी समजूत सर्रास आढळते. गड जुना आहे आणि पिठले-भाकरीही जुनी आहे; गडावर ती विकत घेऊन खाण्याची रीत मात्र बरीच अलीकडची आहे. तिच्या घडणीत किल्ल्यापेक्षा पुणे शहराचा वाटा मोठा आहे. साप्ताहिक सुट्टी, धरण, सैल झालेले सोवळे, बस आणि गाडीरस्ता यांतले एक जरी नसते, तरी आज दिसतो तो धंदा उभा राहिला नसता.

किल्ला नांदता होता तेव्हा गडावरचे अन्न साठवायचे असे, विकायचे नसे. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने कोंढाण्याला, म्हणजे आजच्या सिंहगडाला, वेढा घातला. नाग नाईक या कोळी सरदाराने गड सुमारे आठ महिने झुंजवला. माथ्याकडे जाणारी वाट अरुंद होती आणि थेट हल्ले फुकट गेले. शेवटी कोठारातला दाणागोटा संपला, म्हणून गड सोडावा लागला. आज जिथे भज्यांचे घाणे निघतात, त्या जागेच्या अन्नाविषयीची ही जुनी नोंद उपासमारीची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ.स. १७१५-१६) दुर्गांविषयीचा भाग मोठा आहे आणि त्यात पाण्याची सोय, धान्याचा साठा व गडावर राखायची झाडे यांवर बारकाईने लिहिले आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, हा त्यातला आग्रह सिंहगडावर नीट पाळलेला दिसतो. खडकात खोदलेली टाकी इथे अनेक आहेत आणि त्यांतल्या देवटाक्याचे पाणी पिण्यासाठी नावाजलेले आहे. गडावरच्या कारभाऱ्यांमध्ये हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे. धान्य, तेल, तूप आणि इतर सामानाचा हिशेब त्याच्याकडे असे.

माथ्यावरच्या शिबंदीचा रोजचा संसार पायथ्याच्या वस्त्यांवर चाले. गडाभोवतीच्या या वस्त्यांना मिळून घेरा म्हणत. घेऱ्यातल्या कुटुंबांकडे वाटा राखण्याची, मेटांवर पहाऱ्याची कामे असत आणि त्याबदल्यात जमिनी व हक्क असत. दूध, सरपण, गवत हे सारे इथूनच वर जाई. रायगडावर दूध घालायला गेलेल्या हिरकणीची कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ती दंतकथा मानली तरी एक गोष्ट ती सहज सांगून जाते: पायथ्याच्या बायांनी डोक्यावर दुधाचे हंडे घेऊन गड चढणे ही कुणाला नवलाची बाब वाटत नव्हती. सिंहगडावर पुढे दह्याचा जो धंदा उभा राहिला, त्याची मुळे शोधायचीच तर ती लढाईच्या कथांपेक्षा या वाटेने जास्त सापडतात.

दृश्याचीही तीच कथा. किल्ल्याला दृश्य लागे ते पहाऱ्यासाठी. शत्रूची धूळ कुठे उडते, खिंडीतून कोण येते, शेजारच्या गडावर काय चालले आहे, हे दिसणे म्हणजे अर्धी लढाई. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले आणि गड हाती आला, तेव्हा ती खबर राजगडावर पोचवण्यासाठी गडावरच्या पागेच्या गवती छपरांना आग लावली, असे बखरकार सांगतो. राजगडावरून ती दिसली, कारण दोन्ही गड एकमेकांच्या नजरेत आहेत. आज भाकरीचा तुकडा मोडताना ज्या दिशेला बोट दाखवून ‘तो बघ राजगड’ म्हटले जाते, त्या नजरेच्या रेषेचा मूळ उपयोग हा होता.

२ मार्च १८१८ रोजी जनरल प्रिट्झलरच्या फौजेने सिंहगड घेतला आणि किल्ला म्हणून त्याचे काम संपले. शिबंदी गेली, कारखानिसाची कोठारे रिकामी झाली आणि घेऱ्यातल्या लोकांना वर जाण्याचे कारण उरले नाही. उरली ती डोंगरउताराची थोडी शेती आणि गुरे. थोड्याच काळात माथ्यावर वेगळी वस्ती आली. पुण्याच्या छावणीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी उन्हाळा काढण्यासाठी गडावर बंगले बांधले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात हा गड उन्हाळी मुक्कामाची जागा म्हणून नोंदलेला आहे.

तरीही सिंहगडाचे महाबळेश्वर झाले नाही. महाबळेश्वर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास हवापालटाचे ठाणे म्हणून वसवले. माथेरानवर ह्यू मॅलेट १८५० मध्ये पोचला आणि तिथे १९०७ साली छोटी रेल्वेही गेली. दोन्ही ठिकाणी बाजार भरला, हॉटेले निघाली, मुंबईची पारशी व गुजराती कुटुंबे येऊ लागली. सिंहगडाचा माथा लहान, सारा घेर जेमतेम दोन मैलांचा. पाणी टाक्यांपुरते. आणि पुणे इतके जवळ, की लागेल ते खालून मागवता येई. त्यामुळे बंगलेवाल्यांनी आपापला खानसामा आणला, किराणा पुण्याहून आणला आणि बाजारपेठ उभी राहण्याचे कारणच पडले नाही. गडावर मुक्काम करणारे आले, पण गडावर विकत खाणारे गिऱ्हाईक अजून जन्मायचे होते.

याच काळात समोरचे दृश्य पालटले. मुठा नदीवर खडकवासल्याला १८६९ मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १८७९ मध्ये ते पुरे झाले. योजना फाइफ या लष्करी अभियंत्याची होती आणि जलाशयालाही इंग्रजांनी त्याचेच नाव दिले होते. पुणे व खडकीच्या छावण्यांना पाणी आणि खालच्या दुष्काळी पट्ट्याला कालवे, हा हेतू होता; डोंगरावर बसून पाहायला तळे मिळावे, असा कुणाचा विचार असण्याचा संभव नाही. पण मिळाले. नदीची बारीक रेघ जाऊन तिथे रुंद, चकाकणारे पाणी आले आणि सिंहगडावरच्या कुठल्याही छायाचित्रात आज तेच आधी नजरेत भरते. १२ जुलै १९६१ ला वरचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही गेली. पुण्यात हाहाकार उडाला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. म्हणजे पर्यटक ज्याला ‘सह्याद्रीचे निसर्गदृश्य’ म्हणतो, त्यातला मधला पाण्याचा तुकडा एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांचा आहे. शिवकालीन मावळ्याने ते पाहिले नव्हते. तानाजींच्या माणसांनी तर कडा रात्रीच्या अंधारात चढला, त्यांना पाहायला वेळही नव्हता.

युरोपीयांच्या पाठोपाठ पुण्यातले सुखवस्तू आणि शिकलेले लोक गडावर येऊ लागले. त्यांत सर्वांत परिचित नाव लोकमान्य टिळकांचे. गडावर त्यांचा बंगला होता आणि उन्हाळ्यात ते तिथे राहत, लेखन-वाचन करत. आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाविषयीच्या त्यांच्या ग्रंथाचे काम या मुक्कामांत झाले. १९१५ मध्ये महात्मा गांधी आणि टिळक यांची भेट याच बंगल्यात झाली, आणि १९२० च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजी विश्रांतीसाठी गडावर राहिले होते. गांधीजी पुण्यास आले की देवटाक्याचे पाणी मुद्दाम मागवून घेत, असेही सांगतात. या पाहुण्यांचे जेवण मात्र घरचेच असे: घरचा स्वयंपाकी, घरची भांडी, घरची पंगत. गडावर जेवण विकत मिळत नव्हते म्हणून हे असे होते, असे वाटण्याची शक्यता आहे. ते मिळाले असते तरी या घरांतल्या किती जणांनी घेतले असते, हा खरा प्रश्न आहे.

त्या काळच्या पुण्यात शिजलेले अन्न कुणाच्या हातचे, हा गंभीर सवाल होता. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही पुढाऱ्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. त्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका कपाने एवढे केले, तिथे डोंगरातल्या कुणब्याच्या किंवा कोळ्याच्या चुलीवरची भाकरी विकत घेऊन खाणे सदाशिव-शनिवार पेठेतल्या माणसाला अवघडच होते. प्रवासाला निघताना असा माणूस दशम्या बांधून घेई. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की ती पोळी वाटेत खायला चालते, असा संकेत होता, आणि ती टिकेही दोन दिवस. दूध, दही, ताक, फळे यांना मात्र शिवाशिवीची बाधा तितकीशी नसे; शिजवलेल्या अन्नाची असे. गडावरच्या विक्रीत दही-ताक आधी आणि भाकरी मागाहून आली, त्याचे एक कारण या संकेतात आहे. गवळ्याकडून दही घेणे पुणेकराच्या अंगवळणी होतेच. भाकरीसाठी एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या. त्यासाठी खानावळी, इराण्यांची हॉटेले, वसतिगृहे आणि आगगाड्या यांनी शहरातले सोवळे आधी सैल केले.

गिऱ्हाईक तयार व्हायला दुसरी गोष्ट लागली ती सुट्टी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. सरकारी कचेऱ्या, शाळा-कॉलेजांत ती आधीपासून होती. सण आणि जत्रा यांच्यापलीकडे, दर आठवड्याला, काहीही निमित्त नसताना घराबाहेर पडता येते ही कल्पना रविवारने रुजवली. जत्रेला जाणारा देवाला जातो आणि तिथे खातो. रविवारी गडावर जाणाऱ्याला देवाचीही सबब लागत नाही. कोंढाणेश्वराचे आणि अमृतेश्वराचे दर्शन घेणारे आहेत, पण त्यासाठी आठवडाभर वाट पाहणारे थोडे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गडावर जाणाऱ्यांत विद्यार्थी, शिक्षक आणि कारकून जास्त. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. सायकल पायथ्याला ठेवायची आणि पायवाटेने चढायचे. खाणे पाठीवरच्या पिशवीत: पोळीचा लाडू, दशमी, चटणी. वर पोचल्यावर घशाला कोरड पडलेली असे आणि तिथे पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया ताक-दही घेऊन बसलेल्या असत. धंद्याचे हे पहिले रूप. त्याला ना छप्पर लागे, ना चूल. सकाळी भरलेली पाटी घेऊन चढायचे आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन उतरायचे.

स्वातंत्र्यानंतर दोन बाजूंनी गर्दी वाढली. एका बाजूला डोंगर चढण्याचा छंद संघटित झाला. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार ही संस्था निघाली, पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी. अशा संस्थांच्या अवतीभोवती सह्याद्रीतल्या भटकंतीची एक पिढीच तयार झाली. सिंहगड हा पुण्याच्या गिर्यारोहकांचा घरचा आखाडा ठरला. पाठीवर वजन घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा गड चढणारे आजही पहाटे भेटतात. दुसऱ्या बाजूला शहराची बस पायथ्यापर्यंत आली. स्वारगेटची पन्नास नंबरची बस ही सिंहगडाच्या वाटेची खूणच होऊन बसली. १९७० च्या दशकात गडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. आणि गाडीरस्ता थेट पुणे दरवाज्याखालच्या वाहनतळापर्यंत गेला.

हा रस्ता धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना. पायी चढलेल्या माणसाला ताक हवे असते, फार तर दही. मोटारीने आलेल्या कुटुंबाला जेवण हवे असते. आजी-आजोबा आणि लहान मुले वर येऊ लागली, तास-दोन तास बसायला सावली लागू लागली, आणि पाटीच्या जागी पाल, पालाच्या जागी पत्र्याचे छप्पर आले. आधी सतरंज्या, मग खाटा, मग प्लास्टिकच्या खुर्च्या. ताटात आधी भजी आली असावीत, कारण भज्यांना कढई आणि तेल पुरते. पूर्ण जेवण हे त्यानंतरचे पाऊल.

जेवण म्हणून पिठलेच का, याचे उत्तर स्वयंपाकाच्या सोयीत आहे. बेसन महिनोन्महिने टिकते. भाजी नसली तरी चालते. गिऱ्हाईक आल्यावर करायला घेतले तरी पंधरा मिनिटांत तयार. मराठी घरांत अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी पिठले टाकण्याची जुनी वहिवाट आहे, आणि गडावर तर प्रत्येक गिऱ्हाईक अवेळी येणारा पाहुणाच. तेलात मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा पडतो. हळद घालून पाणी ओतायचे. त्याला खळखळून उकळी आली की एका हाताने पीठ वैरायचे आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायचे, म्हणजे गुठळ्या धरत नाहीत. झाकण ठेवले की ते रटरटते आणि कडेला तेल सुटते. कोरडे केले तर झुणका, सरबरीत ठेवले तर पिठले. गडावर दुसरेच जास्त चालते, कारण गार वाऱ्यात कोरडा झुणका लगेच टणक होतो.

भाकरीला जास्त हात लागतो. परातीत ज्वारीचे पीठ गरम पाण्याने मळून घ्यायचे, कारण ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो आणि पाणी गार असेल तर कडा फाटतात. गोळा दोन्ही तळव्यांत फिरवून परातीतच थापायचा. तव्यावर टाकल्याबरोबर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी तवा बाजूला सारून निखाऱ्याच्या धगीला उभी धरायची. पापुद्रा सुटला की भाकरी साधली. गर्दीच्या दिवशी एकेक बाई सकाळपासून दुपारपर्यंत हेच करत असते, आणि गडावरच्या खाण्याची चव ठरते ती बरीचशी याच एका कामावर. पिठले कुणालाही जमते.

या ताटातले पदार्थ कुठून येतात, हे पाहिले की धंद्याचा स्वभाव कळतो. सिंहगडाच्या भोवतीचा मावळ हा भाताचा आणि नाचणी-वरईचा मुलूख. पाऊस धो धो, जमीन उताराची. तिथल्या घरातले रोजचे खाणे म्हणजे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, भात, पावसाळ्यात रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे. ज्वारी, हरभरा आणि कांदा ही पूर्वेकडच्या कोरड्या, काळ्या जमिनीची पिके. म्हणजे बेसन आणि ज्वारीचे पीठ पुण्याच्या बाजारातून विकत आणायचे, डोंगरावर वाहून न्यायचे आणि पुण्याहून आलेल्यालाच खाऊ घालायचे, असा हा उलटा प्रवास आहे. ‘गावरान’ म्हणून जे ताट समोर येते, ते या गावाचे कमी आणि देशावरच्या गावाविषयीच्या शहरी आठवणीचे जास्त आहे. शहरात येऊन दोन पिढ्या झालेल्या माणसाला जे गाव आठवते, तिथे ज्वारीची भाकरी असते. विक्रेत्यांनी ते अचूक ओळखले. तांदळाची भाकरी मागितली तर तीही मिळते, आणि जाणकार तीच मागतात.

‘शिवकालीन’ या विशेषणाचीही अशीच गत. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मका, शेंगदाणा आणि बटाटा हेही तिकडचेच. गडावरचे भाजलेले कणीस, उकडलेल्या शेंगा, ठेच्यातले शेंगदाण्याचे कूट, बटाट्याची भजी यांतले काहीही यादवांच्या किंवा नाग नाईकाच्या काळी या डोंगरात नव्हते. चहाचा सर्रास प्रसार तर थेट विसाव्या शतकातला. बेसन, लसूण, ज्वारी आणि दही मात्र खरोखर जुने.

दही हा ताटातला अस्सल स्थानिक पदार्थ. डोंगरउतारावर चारा भरपूर आणि शेत कमी, म्हणून म्हशी पाळणे हा घेऱ्यातल्या वाड्यांचा जुना आधार. पण उन्हात डोंगर चढताना दूध नासते. त्याचे आदल्या रात्री दही लावले की प्रश्न मिटतो. म्हशीचे दूध आटवून कोमट असताना लहान मातीच्या गाडग्यांत ओततात आणि विरजण लावतात. कच्च्या भाजणीची माती पाणी शोषते, बाहेरून ते वाऱ्याने उडत राहते, त्यामुळे दही गारही राहते आणि घट्टही होते. चमचा उभा राहील इतके घट्ट झाले तर ते नीट लागले. वरची साय जाड, पिवळट. त्यावर साखर किंवा मीठ, ज्याच्या त्याच्या आवडीने. रिकामी गाडगी एकेकाळी जागेवरच फुटत आणि त्यांच्या खापऱ्यांचे ढीग कड्याच्या कडेला साचत. प्लास्टिकचे पेले आले तेव्हा लोकांना हे ढीग निरुपद्रवी वाटू लागले. गाडग्यांमुळे खालच्या कुंभारांनाही काम मिळाले. शहरातल्या दुकानांत ‘सिंहगडाचे दही’ म्हणून गाडगी विकली जातात, पण वाऱ्यावर गार झालेल्या दह्याची चव फ्रिजमधल्या दह्याला येत नाही.

धंदा चालवणारे बहुतेक घेरा सिंहगड, आतकरवाडी, डोणजे, गोळेवाडी अशा पायथ्याच्या गावांतले. घरातल्या बाया चूल सांभाळतात, पुरुष आणि पोरे गिऱ्हाईक आणतात. वाहनतळापासून वरपर्यंत ‘या दादा, बसा, गरम भजी आहेत’, ‘ताई, दही घ्या’ असे पुकारे चालू असतात. शनिवार-रविवार आणि पावसाळा ही कमाईची वेळ. धुक्याने सगळे दृश्य झाकून टाकलेल्या आषाढ-श्रावणात गर्दी सर्वांत जास्त असते. तेव्हा दोन हातांवरचा बुरूजही दिसत नाही, आणि लोक भजी खाऊन समाधानाने परततात. देखाव्यासाठी गडावर जातो असे सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. मार्च ते मे उन्हामुळे माणूस कमी. करवंदे, कैऱ्या, जांभळे असा रानमेवा तेव्हा हात देतो.

१९९५ मध्ये राज्यातल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. गरिबाचे जेवण म्हणून हा पदार्थ तेव्हा राजकारणात गाजला; योजना काही वर्षांत गुंडाळली गेली. त्याच सुमारास गडावर आणि पुढे महामार्गांवरच्या ढाब्यांत तेच जेवण ‘चुलीवरचे’ म्हणून चढ्या दराने विकले जाऊ लागले. शहरात गॅस घरोघर पोचल्यानंतरच चुलीला असा भाव आला, हे उघड आहे.

पण चुलीला सरपण लागते, आणि डोंगर वन विभागाच्या ताब्यात आहे. वास्तू पुरातत्त्व विभागाच्या. एक झाड तोडायला मनाई करतो, दुसरा भिंतीजवळ खिळा ठोकायला. गिऱ्हाइकाला चुलीचा धूर हवा असतो आणि कायद्याला नको असतो, या पेचात गडावरचा विक्रेता कायमचा अडकलेला आहे. अनेकांनी गॅस घेतला आणि चूल दर्शनी भागी ठेवली. कचऱ्याचा प्रश्न त्याहून मोठा झाला, तेव्हा वन विभागाने स्थानिकांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती करून वर जाणाऱ्या वाहनांवर ‘उपद्रव शुल्क’ बसवले. नाव सरकारी असले तरी नेमके आहे. त्या पैशातून राखणदार, सफाई आणि वाहनतळाची व्यवस्था चालते. पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो, आणि तेवढे दिवस माथा पुन्हा पायी चढणाऱ्यांचा होतो.

वाहनांच्या रांगांवर उपाय म्हणून मे २०२२ मध्ये खासगी गाड्या पायथ्याला थांबवून पीएमपी या शहर बससेवेच्या विजेवरच्या बस वर सोडण्याचा प्रयोग झाला. चढ, वळणे, गर्दी आणि चार्जिंगची अडचण यांमुळे तो त्याच महिन्यात थांबवावा लागला. त्या थोड्या दिवसांत विक्रेत्यांच्या लक्षात आले, की बसने आलेला माणूस परतीच्या बसवर डोळा ठेवून खातो आणि पटकन उठतो.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणे ३१ मेपर्यंत हटवण्याचा निर्णय घेतला. सिंहगडावर मेच्या अखेरीस गड पर्यटकांसाठी बंद ठेवून कारवाई झाली; पक्की शेडे आणि वाढीव बांधकामे पाडली गेली. विक्रेत्यांचे म्हणणे, आमचे आजे-पणजे इथे दही विकत होते. अधिकाऱ्यांचे म्हणणे, दही विकायला सिमेंटचा ओटा लागत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे: पाटी घेऊन चढण्याची वहिवाट जुनी आणि हक्काची, पत्र्याचे हॉटेल अलीकडचे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत राजगड, रायगड, लोहगड, शिवनेरी आहेत, सिंहगड नाही.

गडावर जागा आखडत गेली तसा धंदा खाली सरकला. डोणजे, खडकवासला आणि पानशेत रस्त्याच्या कडेने शेतातली हॉटेले, झोपाळे, खाटा आणि ‘घरगुती जेवण’ अशा पाट्या दिसू लागल्या. गडावर पवित्र जागा म्हणून जे चालत नाही, ते गावरान कोंबडे आणि मटण इथे मिळते. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणल्यावर शेतघरांवरच्या अशा जेवणावळींना सरकारी चौकटही मिळाली. दूरच्या डोंगरांतही हीच पद्धत पोचली आहे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत, कळसूबाईच्या वाटेवर बारीत, राजगडाच्या गुंजवण्यात गावातली घरे भटक्यांना आगाऊ निरोपावर पिठले-भाकरी करून घालतात आणि रात्री ओसरीवर निजायला जागा देतात. तिथे दर माणशी ठरलेला असतो, ताटात आमटी-भातही असतो, आणि भाकरी बहुधा त्या गावच्या पिकाची, नाचणीची किंवा तांदळाची असते.